जुनी ब्रिटिश गाडी आणि परदेशातले सोबती: ओळख काढण्यापासून सुटे भाग मागवण्यापर्यंत

मॉरिस मायनर लोकांसमोर पहिल्यांदा आली ती १९४८ साली, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात. १९७१ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कंपनी एकातून दुसरीत विलीन झाली, शेवटी बुडाली. तरीही आज तिचे ट्रनियन (पुढच्या चाकाच्या जोडणीतला फिरता सांधा), ब्रेक सिलिंडर, दाराची रबरं, अगदी मडगार्डसुद्धा नवंकोरं मिळतं. कंपनी नसताना हे चालू आहे ते गाडीवाल्यांमुळे. ब्रिटनपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या मालकांनी एकमेकांचे पत्ते जपले, मागणी एकत्र केली, कुणीतरी साचे सांभाळले. आपल्याकडे महाराष्ट्रात अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत, पण त्यांचे मालक या गोतावळ्यात फारसे दिसत नाहीत. गॅरेजमधले जुने मिस्त्री गेले की अडून बसतात, मग गाडीत भलत्याच गाडीचं इंजिन बसवतात.

हा लेख अशा मालकांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः मायनरची घेतली आहेत, जोडीला एमजी आणि हेराल्ड. रोल्स आणि बेंटलेवाल्यांचं जग वेगळं, तिथे पैशाने बरीच कामं होतात.

आधी गाडीचं कूळ काढा

स्थळ पाहायला आलेली माणसं आधी कूळ विचारतात, तसंच इथेही असतं. परदेशातल्या क्लबात तुम्ही ‘माझ्याकडे हिंदुस्तान टेन आहे’ असं सांगितलंत तर समोरच्याला काही उमजणार नाही. ‘मॉरिस टेन, सीरीज एम, भारतात बनलेली’ म्हणालात की तो ताठ बसेल.

हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांची वंशावळ साधारण अशी: हिंदुस्तान टेन म्हणजे मॉरिस टेन सीरीज एम, बेबी हिंदुस्तान म्हणजे सुरुवातीची मॉरिस मायनर, हिंदुस्तान फोर्टीन म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड एमओ, लँडमास्टर म्हणजे ऑक्सफर्ड सीरीज टू आणि अँबॅसडर म्हणजे ऑक्सफर्ड सीरीज थ्री. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून काढलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड. पुढे मद्रासवाल्यांनी तिला चार दारं केली. अशी चार दारी हेराल्ड ब्रिटनमध्ये कधी बनलीच नाही, त्यामुळे तिथल्या हेराल्डप्रेमींना आपली गाडी ही नक्कल वाटत नाही, नवलाई वाटते. ‘आपली तर इंडियन मेक’ म्हणून संकोचणारे बरेच मालक भेटतात. तो संकोच सोडा, परदेशात ओळख व्हायला हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते.

कूळ कळलं की भावकीही कळते. हिंदुस्तान टेनचं ११४० सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आणि एमजी टीसी, टीडी या दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन एकाच घरातले. मॉरिस टेनची माहिती असलेली माणसं जगात मोजकी, पण टी-टाइप एमजीवाले ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे आहेत आणि त्या इंजिनाचा बोल्टन्‌बोल्ट त्यांना पाठ आहे. तसंच अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं. ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरीज, सुरुवातीच्या एमजीए गाडीत तेच होतं आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन त्याचाच मोठा भाऊ. म्हणजे अँबॅसडरवाल्याने इंजिनाचे प्रश्न एमजीवाल्यांना विचारायला हरकत नाही.

नंबर उतरवून घ्या

आरसी बुकावरचा नंबर पुरेसा नाही. गाडीच्या अंगावर निदान दोन ठिकाणी नंबर असतात: बॉनेटखाली फायरवॉलवर रिव्हेट मारलेली पट्टी आणि इंजिन ब्लॉकवरचा नंबर. शिवाय बॉडीचा वेगळा नंबर असू शकतो. पट्टीवर रंगाचे थर चढले असतील तर सँडपेपर घासू नका, अक्षरं जातात. थिनरचा बोळा हळूहळू फिरवा, मग पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा. फोटोत न दिसणारं अक्षर कागदावर उमटतं.

या नंबरांत पुष्कळ माहिती दडलेली असते. एमजीबीचा नंबर ‘जीएचएन’ने सुरू होतो. त्यात जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे उघडी दोन आसनी. वर छत असलेल्या जीटीला ‘जीएचडी’. पन्नाशीच्या दशकातल्या मायनरच्या नंबरातून मॉडेल, बॉडीचा प्रकार, मूळ रंग, उजव्या की डाव्या हाताची, कोणत्या बाजारासाठी पाठवली, अखंड की सुट्या भागांत, इतकं सगळं वाचता येतं. एमजीच्या अ‍ॅबिंग्डन कारखान्यात तर बऱ्याच मॉडेलांचे नंबर ०२५१ पासून सुरू व्हायचे, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. टीसीचा पहिला नंबर म्हणूनच टीसी ०२५१.

इंजिन बदललेलं असेल, आपल्याकडे डिझेल बसवण्याची मोठी लाट येऊन गेली, तर ते सरळ सांगा. लपवलेलं पहिल्या फोटोत उघडं पडतं.

गेडनचा दाखला

इंग्लंडात वॉरिकशर परगण्यात गेडन गावी ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. मॉरिस, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर, वुल्सली, रायली अशा अनेक कंपन्यांच्या उत्पादनाच्या मूळ नोंदवह्या तिथे आहेत. नंबर, फोटो आणि शुल्क पाठवलं की ते ‘हेरिटेज सर्टिफिकेट’ देतात. त्यात गाडी कधी बनली, कधी रवाना झाली, कोणत्या वितरकाकडे किंवा देशात गेली, मूळ रंग, आतल्या सीटचा रंग, इंजिन नंबर, जे वहीत असेल ते येतं. जॅग्वार असेल तर तिची नोंद जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे वेगळी.

पैसे भरण्याआधी एक विचारून घ्या: तुमच्या मॉडेलच्या त्या वर्षांच्या वह्या उपलब्ध आहेत का. सगळ्या वह्या टिकलेल्या नाहीत. आणि गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून आली आणि इथे जोडली गेली असेल, तर इथे कोणता रंग दिला, कोणी विकत घेतली, हे गेडनला कसं कळणार? त्यासाठी आपली कागदपत्रंच चाळायची: जुनं आरसी बुक, टॅक्स टोकन, डीलरचं बिल, विम्याचे कागद. हा दाखला मालकीचा पुरावा नाही, आरटीओत त्याचा थेट उपयोग होत नाही. पण क्लबात तुमची गाडी त्याने पक्की नोंदली जाते, आणि रंगावरून घरात चाललेला वादही एकदाचा मिटतो.

कोणत्या क्लबात जायचं

ब्रिटिश क्लबांची रचना आधी समजून घ्यावी. काही क्लब सबंध कंपनीचे, काही एकाच मॉडेलचे. एमजी कार क्लब १९३० चा, एमजी ओनर्स क्लब १९७३ चा. मॉरिस मायनर ओनर्स क्लब १९७६ मध्ये निघाला. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब १९७७ चा, आणि हेराल्ड, व्हिटेस, स्पिटफायर, जीटी६ या एकाच चासी कुटुंबातल्या गाड्या तो पाहतो. मोठ्या क्लबात प्रत्येक मॉडेलचं ‘रजिस्टर’ असतं आणि ते सांभाळणारा एक स्वयंसेवक असतो. हाच माणूस महत्त्वाचा. क्लबच्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्राला सभासद अर्ज येतो, रजिस्टरवाल्याला लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं.

सभासदत्वाची वर्गणी परदेशासाठी थोडी जास्त असते. मासिक, तांत्रिक सल्लागारांशी संपर्क आणि भागांवर सवलत एवढ्यासाठी ती भरावी असं माझं मत. छापील अंक टपालाने यायला वेळ लागतो, त्यामुळे डिजिटल अंकाचा पर्याय असेल तर तो घ्या.

मात्र सगळे आधी इंग्लंडकडेच पाहतात, ते मला पटत नाही. इंग्लंडातल्या मायनरचा शत्रू गंज. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा कुजतो. तिथल्या लेखांत निम्मं लिखाण वेल्डिंगवर. आपला त्रास उन्हाचा, धुळीचा, खड्ड्यांचा आणि रहदारीत पेट्रोल उकळण्याचा. यावर खरे उपाय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मालकांकडे आहेत. स्टिअरिंग उजवीकडे, गाड्या बऱ्याचशा तिथेच जोडलेल्या, आणि ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा विदर्भाच्या तोडीचा. श्रीलंका तर शेजारी. तिथे मायनर वर्षानुवर्षं रोजच्या वापरात राहिली, एवढंच नव्हे तर तिच्या बॉडीचे भाग तिथे बनवून ब्रिटनला पाठवण्याचा उद्योगही उभा राहिला. डेन्मार्कमध्ये मायनर खूप लोकप्रिय, टपाल खात्यातही होती. पण तिकडच्या गाड्या डाव्या हाताच्या.

अमेरिका? एमजीबी असेल तर अवश्य. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि त्यांतला मोठा वाटा उत्तर अमेरिकेला गेला. अनुभवाचा साठा तिथे प्रचंड आहे. फक्त १९७५ नंतरच्या अमेरिकन गाड्यांत प्रदूषणाच्या नियमांमुळे एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरांऐवजी एक झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आला, त्यामुळे त्यांचं ट्यूनिंग जसंच्या तसं आपल्या गाडीला लावू नका.

आणि घरचा क्लब विसरू नका. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. परदेशी क्लबाला जेव्हा ‘तुमच्या देशात कोणाशी बोलू?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा तो इकडेच वळतो.

पहिलं पत्र

इथे सगळ्यांत जास्त गडबड होते. ‘माझी गाडी गरम होते, काय करू?’ या प्रश्नाला तीस उत्तरं येतील आणि एकही कामाचं नसेल. चांगल्या पत्राचा मजकूर साधारण असा असावा. लिहायचा इंग्रजीत, साध्या वाक्यांत:

‘नमस्कार. मी पुण्याहून लिहितोय. माझ्याकडे १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आहे, चार दारी, उजव्या हाताची. इंजिन ९४८ सीसी, मूळचंच. डायनमो, पॉझिटिव्ह अर्थ. एसयू कार्बोरेटर आणि एसयूचाच इलेक्ट्रिक पंप. बाहेर ३८ अंश असताना रहदारीत पंधरा-वीस मिनिटांनी गाडी बंद पडते. त्या वेळी पंप भराभर टिकटिकतो पण फ्लोट चेंबर भरत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. थर्मोस्टॅट पूर्वीच काढून टाकलेला आहे. रेडिएटर साफ केला आहे, प्लग आणि पॉइंट नवे आहेत. कार्बोरेटरच्या बाजूचे फोटो जोडले आहेत.’

एवढं लिहिलंत की ऑस्ट्रेलियातला माणूस दोन ओळींत उत्तर देईल. पेट्रोल पाइपात वाफ धरते आहे. मायनरच्या ए-सीरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर. मध्ये उष्णतारोधक पत्रा आणि जाड स्पेसर टाका, पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, थर्मोस्टॅट परत बसवा. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्या गॅरेजांची सवय त्यांना काही केल्या समजत नाही, आणि खरं तर त्यांचंच बरोबर आहे.

पत्रात कोणत्या गोष्टी हमखास असाव्यात, त्या एकेक पाहू.

बॅटरीचा अर्थ कोणता, हे नेहमी सांगा. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली. एमजीबी १९६७ मध्ये निगेटिव्ह झाली. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे संच दोन्ही प्रकारांत वेगवेगळे येतात. चुकीचा बसला की त्याच क्षणी जळतो. मोबाइल चार्जर, रेडिओ यांचंही तेच. आधीच्या मालकाने मधेच अर्थ बदलला असेल तर तेही लिहा.

वायरिंगबद्दल विचारताना रंग सांगा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगचे रंग सगळ्या देशांत एकच होते: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरा म्हणजे किल्लीनंतर, हिरवा म्हणजे किल्लीनंतर आणि फ्यूजमधून, लाल साइड लॅम्पचा, निळा हेडलाइटचा, काळा अर्थ. निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, लाल रेघ म्हणजे डिपर. ‘हिरव्यात करंट येतो, पांढऱ्यात येतो, पण वायपर चालत नाही’ असं लिहिलं की समोरचा पंधरा हजार किलोमीटरवरूनही दोष गाठू शकतो. तुमच्या गाडीत मिस्त्रीने सगळीकडे एकाच लाल वायरचं बंडल वापरलं असेल, तर आधी त्या वायरींना चिठ्ठ्या लावा.

आटे ओळखायला शिका. युद्धापूर्वीच्या आणि लगेच नंतरच्या गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ आटे, पुढच्या मॉरिस, ट्रायम्फमध्ये बहुतेक यूएनएफ. आणि एक्सपीएजी इंजिनात गंमत आहे: आटे मेट्रिक पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची. कारण मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती आणि ती तशीच चालू राहिली. हिंदुस्तान टेनवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट अर्ध्यात अडकतो आणि ब्लॉकचे आटे जातात. आटे मोजायचा गेज दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो, तो घेऊन ठेवा.

बाजू सांगताना ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणू नका. अमेरिकेत ती दुसरीकडे. गाडीत बसून पुढे पाहताना उजवी की डावी, एवढं लिहा. मायनरच्या पुढच्या ट्रनियनचे आटे एका बाजूला उजवे, दुसऱ्या बाजूला डावे असतात. भलता मागवलात तर तो बसणार नाही आणि परत पाठवायचा खर्च भागाच्या किमतीएवढा येईल.

मायलेजचे आकडे वाचताना गॅलन कुठला ते पाहा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. ‘तीस मैल’ ब्रिटनमध्ये म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटर, अमेरिकेत म्हणजे जवळजवळ पावणेतेरा.

स्वरही सांभाळावा लागतो. ब्रिटिश जुनेजाणते ‘तुम्हाला कदाचित टायमिंग पुन्हा एकदा पाहावंसं वाटेल’ असं लिहितात, तेव्हा त्याचा अर्थ ‘टायमिंग साफ चुकलंय’ असा घ्यावा. ऑस्ट्रेलियन सरळ तोंडावर सांगेल, राग मानू नका. ‘सर, सर’ करू नका, पहिल्या पत्रात आडनावाने आणि नंतर त्यांनी सुचवलं की नावाने. आणि हेराल्डच्या खालच्या ट्रनियनमध्ये ग्रीस भरायचं की तेल, हा विषय तर नवख्याने काढूच नये. कंपनीच्या पुस्तकात गिअर ऑइल लिहिलंय, तेच घाला आणि गप्प राहा. या वादात मैत्री तुटल्याची उदाहरणं आहेत.

उपाय लागू पडला की कळवा. नाही पडला तरी कळवा. आपल्याकडची माणसं हमखास इथे चुकतात: उत्तर मिळालं की गायब. ज्याने रात्री उठून मॅन्युअलचं पान स्कॅन करून पाठवलं, त्याला पुढचा भारतीय मालक उत्तराची अपेक्षा घेऊन लिहील तेव्हा त्याचा हात आखडलेला असेल.

आता पेट्रोलबद्दल

सध्या या विषयावर दोन्हीकडे सगळ्यांत जास्त बोललं जातं, म्हणून वेगळं लिहितो. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत नेलं. जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महागडं पेट्रोल तिथे अजून मिळतं. आपण वीस टक्क्यांवर पोचलो. म्हणजे या एका बाबतीत आपल्याला त्यांच्याहून जास्त अनुभव येतो आहे, आणि त्यांना तो हवा आहे.

त्यांच्याकडून घेण्यासारखं: जुनी रबरी नळी काढून इथेनॉल सोसणारी, आर९ दर्जाची नळी घालणे, फ्लोट चेंबरची नीडल व्हॉल्व्ह विटॉन रबराच्या टोकाची घेणे, पितळी फ्लोटाला झाळलेलं असेल तर गळती तपासणे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत इंधन कमीत कमी ठेवतात असे आणि टाकी पूर्ण भरून ठेवतात असे दोन तट आहेत. मी पत्र्याच्या टाकीसाठी दुसऱ्या तटात, कारण रिकाम्या जागेतच पावसाळ्यात पाणी धरतं. वीस टक्के इथेनॉलवर मिश्रण थोडं हलकं पडतं, तेव्हा एसयूचं जेट किंचित खाली घ्यावं लागतं. किती खाली, कोणती नीडल वापरली, प्लगचा रंग काय आला, हे टिपून परदेशात पाठवा. ही नोंद त्यांना कोणी देत नाही.

शिशाचा प्रश्न जुना झाला. ब्रिटनने १९९९ च्या अखेरीला शिसेयुक्त पेट्रोल बंद केलं, आपणही २००० मध्ये. हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या, त्यासाठी मुद्दाम हेड उघडायची गरज नाही.

भाग मागवणे

नव्याने बनलेल्या भागांचा दर्जा सारखा नसतो, आणि क्लबाची खरी किंमत इथे कळते. रोटर आर्म आणि कंडेन्सर यांची तर जगभर बदनामी झाली आहे. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळालेला रोटर शंभर किलोमीटरमध्ये गाडी बंद पाडतो. कोणता चालतो हे मागवण्याआधी सभासदांना विचारा. जुन्या साठ्यातला, डब्यात पडून राहिलेला लुकासचा रोटर बहुधा नव्यापेक्षा बरा. एसयू कार्बोरेटरच्या भागांसाठी मात्र चिंता नको: सॉल्सबरीची बर्लेन कंपनी एसयूचे अधिकृत भाग अजून बनवते. एमजीबीचा पत्रा हवा असेल तर विट्नी इथल्या ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे मूळ डाय आहेत, सबंध बॉडी शेल मिळतो.

किंमत पाहताना ब्रिटिश दुकानाचा भाव व्हॅटसह आहे का ते विचारा. माल ब्रिटनबाहेर जाणार असेल तर वीस टक्के व्हॅट लावायची गरज नसते, आणि बऱ्याच दुकानांत परदेशी पत्ता टाकला की भाव आपोआप कमी होतो. न झाला तर विनंती करा. इकडे सीमाशुल्क आणि जीएसटी भरावा लागेल, तो अंदाज आधीच भावात धरा. कुरियर तुमचे केवायसीचे कागद मागेल, वेळेत द्या. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नका. अडकलं तर दंड तुमचा आणि मान विक्रेत्याची. बिलावर भागाचं नाव आणि मोटारीच्या भागांचा ८७०८ हा कस्टम्सचा क्रमांक असला की काम सोपं. आणि महत्त्वाचं: वापरलेले सुटे भाग आयात करायला आपल्याकडे परवानगी लागते. म्हणून कुरियरने मागवायचे ते नवे किंवा जुन्या साठ्यातले न वापरलेले.

लंडनचा भाचा सुट्टीला येतो तेव्हा त्याच्या बॅगेत भाग कोंबायचा मोह सगळ्यांना होतो. बेअरिंगं, रबरं, गॅस्केट ठीक. पेट्रोल लागलेला कार्बोरेटर किंवा पंप विमानात नेऊ देत नाहीत, वासावरूनच बाजूला काढतात. नवा, कधी पेट्रोल न पाहिलेला असेल तर बिलासकट ठेवा. शिवाय पोराला वीस किलोचे ब्रेक ड्रम उचलायला लावू नये, तो पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही.

अनोळखी माणसाकडून घेताना पैसे ऑनलाइन सेवेतल्या ‘मित्र-कुटुंब’ पर्यायाने पाठवू नका, तिथे तक्रारीला जागा नसते. दुर्मीळ भाग, अर्धी किंमत आणि घाई हे तिन्ही एकत्र आले की थांबा. भागाशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. खरा विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो. त्याने आढेवेढे घेतले तर क्लबात विचारा, बहुधा त्याचं नाव आधीच माहीत असतं.

पुणे, कोल्हापूर, नाशिक इथले चार-पाच मालक मिळून एकच पार्सल मागवता येतं. वाहतुकीचा खर्च वाटला जातो. फक्त हिशेब एकाने आणि लेखी ठेवायचा.

आपण काय देऊ शकतो

देण्यासारखं आपल्याकडे बरंच आहे. अँबॅसडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे ऑक्सफर्ड सीरीज थ्रीशी जुळणारे कित्येक भाग आपल्या बाजारात आहेत, जे ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डवाल्याला वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नाहीत. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांत किंवा कुर्ल्याला एक चक्कर मारून फोटो पाठवला तरी माणूस हरखतो. कोल्हापूरला ओतकाम आणि लेथची कसबी माणसं आहेत. फॉस्फर ब्राँझचा बुश ड्रॉइंगवरून करून द्यायला तिथे जो वेळ आणि पैसा लागतो, तो ऐकून इंग्लंडातला मालक पुन्हा विचारतो, नीट ऐकू आलं का म्हणून.

भाग पाठवताना निर्यातीचे नियम पाहा. १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांच्या भागांच्या निर्यातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, तेव्हा हिंदुस्तान टेनचं मूळ रेडिएटर कोणी मागितलं तर गोड शब्दांत नकार द्या. शिवाय ते इथेच राहिलेलं बरं.

वस्तूंहून जास्त किमतीची गोष्ट म्हणजे कागद: भारतीय कंपन्यांची मालक-पुस्तिका, डीलरच्या जाहिराती, मद्रासच्या हेराल्डचे भागांचे कॅटलॉग, आजोबांच्या लग्नात सजवलेल्या गाडीचा फोटो. बॉम्बेला उतरलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे गेडनच्या वहीत नाही. रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसासाठी एका जुन्या आरसी बुकाच्या नोंदींचा फोटोही मोलाचा असतो. मात्र पाठवण्याआधी मालकांचे पत्ते झाका.

प्रत्यक्ष भेट

इंग्लंडला जाणं होणार असेल तर सप्टेंबर पाहा. हॅम्पशरमधल्या ब्यूलीला, नॅशनल मोटर म्युझियमच्या आवारात, १९६७ पासून आंतरराष्ट्रीय ऑटोजंबल भरतं. जुन्या सुट्या भागांची जत्राच म्हणा. यादी मॉडेल आणि पार्ट नंबरसकट लिहून न्या, सोबत जुन्या भागाचं माप आणि फोटो. सकाळी लवकर पोचा, घासाघीस सभ्यपणे करा, रोख पौंड ठेवा. इथेही वापरलेल्या भागांचा आयातीचा नियम डोक्यात असू द्या. एप्रिलमध्ये ‘ड्राइव्ह इट डे’ असतो, १९०० सालच्या हजार मैलांच्या चाचणीची आठवण म्हणून. त्या रविवारी देशभर जुन्या गाड्या रस्त्यावर येतात आणि क्लबवाले पाहुण्याला आनंदाने शेजारी बसवतात.

तिथे चालवायला मिळाली तर भारतीय परवाना ब्रिटनमध्ये पाहुण्याला बारा महिने चालतो, पण आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेलात तर विमेवाला कमी प्रश्न विचारतो. यजमानाच्या विम्यात तुमचं नाव घातलं आहे का, हे चावी हातात घेण्याआधी विचारा. तिथली जुनी गाडी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’वर, म्हणजे आधी ठरवलेल्या किमतीवर, उतरवलेली असते, चुकून घासली तर रक्कम मोठी.

परदेशी पाहुणा इकडे आला तर त्याला ताजपेक्षा तुमच्या मिस्त्रीकडे आधी न्या. स्प्रिंगचा पाटा हाताने वाकवून परत जागेवर बसवताना किंवा टपरीशेजारी जमिनीवर गिअरबॉक्स उघडलेला पाहून तो जे फोटो काढतो, ते पुढच्या महिन्यात त्याच्या क्लबच्या मासिकात येतात.

गाडीचे आपल्याकडचे कागद

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि फारशी बदललेली नसेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, फेरनोंदणीचं पाच हजार, मुदत दहा वर्षं. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुम्ही दर रविवारी भाजी आणायला मायनर काढत असाल तर आधी नीट विचार करा. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात गाडी न्यायची असेल तर फिव्हा या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघाचं ओळखपत्र उपयोगी. त्यासाठी गाडी किमान तीस वर्षांची लागते.

सगळी पत्रं, बिलं, फोटो, दाखला एका फाइलीत ठेवा, तारखेप्रमाणे. गाडी विकलीत तर ती फाइल गाडीबरोबर द्या, आणि क्लबच्या रजिस्टरवाल्याला नवा मालक कोण हे त्याच्या परवानगीने कळवा.